मुक्कामी गाडी

विमान मुंबई सोडून समुद्रावर आलं, जेवणाचे ट्रे उचलले गेले, केबिनमधले दिवे मंद झाले, आणि ती माझ्या सीटपाशी येऊन थांबली. साठीच्या आसपासची बाई. केस पूर्ण पिकलेले, मानेवर घट्ट बांधलेले; चष्मा साखळीला अडकवून गळ्यात सोडलेला. अंथरूण घालून देऊ का, असं तिनं इंग्रजीत हळूच विचारलं. मी म्हटलं, राहू द्या, मीच घालते. ती हसली. म्हणाली, "हे माझं काम आहे. तुमचं सकाळी असेल ना?" यावर काय बोलणार? दुलई हातात धरून, नुसत्या मोज्यांवर, मी त्या अरुंद वाटेत उभी राहिले. तिनं बटण दाबलं. पाठ हळूहळू खाली गेली, पायाकडचा भाग वर आला, मधली फट मिटली. मग तिनं एक गुडघा जमिनीला टेकला, पातळ गादी उलगडली, तिच्या कडा कोपऱ्यात खोचल्या आणि तळहात मधून कडेकडे नेत एकेक सुरकुती काढून टाकली. उशी थोपटली. उठताना तिनं सीटच्या कडेचा आधार घेतला आणि त्या गुडघ्यावर क्षणभर हात ठेवला.

तो हात माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

परत आल्यापासून ऑफिसात, घरी, सोसायटीत सगळ्यांनी विचारलं. जेवायला काय होतं, तिकीट केवढ्याचं, खरंच सपाट झोपता येतं का. मी सगळं हौसेनं सांगितलं. सांगण्यासारखं होतंच, आणि मला ते मनापासून आवडलं होतं. पण त्या बाईचं गुडघ्यावर बसणं कुणाला सांगता आलं नाही. वयानं मोठ्या बाईकडून अंथरूण घालून घेतलं म्हणून संकोच वाटला, एवढं म्हणून ते संपत नव्हतं. आम्ही गंगाखेडची माणसं. जनाबाईच्या गावची. साक्षात पांडुरंग येऊन जनीबरोबर दळायला बसायचा, ही गोष्ट ऐकत आम्ही वाढलो. मोठ्यानं लहानाचं काम करावं यात आमच्याकडे नवल आहे, पण कमीपणा नाही. तेव्हा खुपत होतं ते काहीतरी निराळं होतं, आणि ते सापडेपर्यंत मला लिहायला बसवेना.

आमची कंपनी वाळूजला आहे. आम्ही गिअर बनवतो. गिअरचे दात घासून मायक्रॉनमध्ये नेमके करणाऱ्या नव्या मशीनची ऑर्डर जर्मनीत दिलेली होती. ते मशीन तिथून निघण्याआधी आपले पार्ट त्यावर चालवून बघायचे, मोजायचे आणि पास करायचे, हे माझं काम. याआधीही अशा कामांना गेलेय, पण इकॉनॉमीत. पाठीचा कणा ताठ ठेवून, गुडघे पुढच्या सीटला लावून, पहाटे फ्रँकफर्टला उतरून, तोंडावर पाणी मारून थेट शॉपफ्लोअरवर. यंदा बढतीबरोबर नियम बदलला: रात्रभराचा प्रवास करून त्याच सकाळी कामावर उभं राहायचं असेल तर बिझनेस क्लास. तिकिटाची पीडीएफ उघडली तेव्हा मी तो शब्द दोनदा वाचला. आईला फोन केला तर ती म्हणाली, "म्हंजे झोपून जायचं? बरं झालं माय."

दुपारी घरून निघाले. समृद्धी महामार्ग आता थेट आमण्यापर्यंत झालाय, त्यामुळे गाडी एका दमात इगतपुरीचे बोगदे ओलांडून भिवंडीकडे उतरते. विमानतळावर कंपनीच्या ड्रायव्हरला म्हटलं, रात्री परत निघू नका. तो म्हणाला, "नाही निघत मॅडम. इथंच कुठं गाडी लावतो, शीट मागं करतो आन् पडतो." माझ्या घरात असं वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय. माझे वडील एसटीत कंडक्टर होते, गंगाखेड आगारात. गाडीतच पाठ टेकायची, हा आमच्या घराचा रोजचा विषय होता.

लाउंजमधलं फार सांगत नाही. खूप दिवे, खूप पदार्थ आणि सगळीकडे हळू आवाज. विमानाच्या दारात मात्र पाय आपोआप उजवीकडे वळले आणि आतल्या माणसानं हात डावीकडे केला. सीट म्हणजे एक छोटी खोलीच. खांद्याच्या उंचीची भिंत, दिवा, चपला ठेवायला खण, काचेची पाण्याची बाटली. चिमट्यात धरलेला गरम ओला रुमाल आला, तो तोंडावर ठेवला तेव्हा समृद्धीची सगळी धूळ उतरल्यासारखं वाटलं. खाटेची लांबी मी वितीनं मोजली, मोजायची सवयच आहे. साडेसहा फूट. इकॉनॉमीत एका सीटपासून पुढच्या सीटपर्यंतचं अंतर साधारण एकतीस इंच असतं, रुंदी सतरा-अठरा. भिंती, खण, पाय ठेवायचा कोनाडा असं सगळं धरलं तर माझ्या त्या जागेत मागची तीन-चार माणसं सहज बसली असती. या वर्गात पूर्ण सपाट होणारी खाट ब्रिटिश एअरवेजनं २००० साली आणली. त्याआधी इथंही मागं रेलणाऱ्या खुर्च्याच होत्या. पैसे मोजणारा माणूससुद्धा पंचवीस वर्षांपूर्वी रात्रभर अर्धवट बसूनच जात होता.

जागतिक बँकेच्या संशोधकांनी २०१३ साली एक हिशेब मांडला होता. बिझनेस क्लासमधल्या प्रवाशाच्या वाट्याला इकॉनॉमीच्या सुमारे तिप्पट कार्बन येतो, जागा जास्त लागते म्हणून. हा आकडा मला आधीपासून ठाऊक होता, आणि त्या खाटेवर हात फिरवताना तो आठवलाही. आम्ही पाऊस हुकण्याची किंमत ओळखतो. २०१६च्या उन्हाळ्यात माझी बहीण लातूरला होती. मिरजेहून पाण्याची रेल्वे आली ते टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलं, पण त्याआधीचे महिने टीव्हीवर आले नाहीत. टँकर रात्री एकला येणार की तीनला, हे कुणालाच माहीत नसायचं. बाया घागरींची रांग लावून तिथंच ओट्यावर बसून राहायच्या. पाणवठ्यांवर भांडणं होऊ नयेत म्हणून प्रशासनाला जमावबंदी लावावी लागली होती. बहीण म्हणायची, "पाण्याचं एक वेळ जमेल गं, पण झोप कुठून आणू?" मला ती खाट नको वाटली, असं मी म्हणणार नाही. हवीच वाटली. आणि ती बहिणीलाही मिळावी असं वाटलं, त्याच क्षणी.

प्रवासात आडवं होणं हे मला कधी ठाऊकच नव्हतं. नांदेडला इंजिनिअरिंग केलं, मग पहिली नोकरी पुण्यात. गंगाखेडहून संध्याकाळी बसलं की परळी, अंबाजोगाई, केज, मांजरसुंबा करत पहाट व्हायची. ओढणी दोन्ही खांद्यांना पिनांनी अडकवलेली, पर्सचा पट्टा मनगटाला दोन वेढे देऊन गुंडाळलेला, एक जादा सेफ्टी पिन मुठीत. ती मुठीतली पिन कशासाठी, हे रात्रीच्या गाडीनं एकटीनं गेलेल्या बाईला सांगावं लागत नाही. मागच्या सीटच्या फटीतून बोटं येतात. शेजारचा माणूस झोपेचं सोंग घेऊन कलंडतो. मग पोरगी डोळे मिटते, पण कान, कोपर आणि पाठ जागी ठेवते. अण्णा मला सोडायला स्टँडवर यायचे. कंडक्टरजवळ जाऊन हळूच सांगायचे, "पोरगी हाय माझी. पुण्यापर्यंत हाय." तो त्यांच्या ओळखीचा असो वा नसो, खात्यातला असायचा. मग ते मला त्याच्या सीटच्या जवळची जागा बघून द्यायचे. रात्री कुठल्याशा फाट्यावर गाडी थांबली की तो कंडक्टर माझ्याकडे न बघता विचारायचा, "ताई, चहा घेता का?" त्या विचारण्यात काय होतं ते मला कळायचं. त्या गाड्यांमध्ये मला जी थोडी फार डुलकी लागली, ती त्या अनोळखी माणसाच्या भरवशावर.

बिझनेस क्लासमध्ये माझ्यापुढे भिंत होती. मागं फट नव्हती. तरी आडवी झाल्यावर मी पर्सचा पट्टा मनगटाला गुंडाळला. हात स्वतःहून गेला.

झोपेशी माझं भांडण त्याहूनही जुनं आहे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. किल्लारीचा भूकंप. मी पाचवीत होते. आदल्या संध्याकाळी गणपती बोळवलेले, सगळे दमून झोपलेले. किल्लारी आमच्यापासून लांब, आमच्या गावात तसं काही पडलं नाही. मांडणीवरची भांडी वाजली, एक हंडा गडगडत खाली आला आणि आई "उठा उठा" करत आम्हाला दंडाला धरून अंगणात घेऊन गेली. पण दिवस उजाडला तशा बातम्या येऊ लागल्या. दगडामातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद, म्हणून झोपेतली माणसं झोपेतच गाडली गेली. आमचंही घर माळवदाचं होतं. उन्हाळ्यात इतकं गार, की शेजारणी दुपारी टेकायला यायच्या. त्या दिवसानंतर मी आढ्याकडे बघितलं की मला सागवानी तुळया दिसायच्याच नाहीत, फक्त त्यांच्यावरची माती दिसायची. सगळा मराठवाडा त्या आश्विनात अंगणात, गल्लीत, शेतात झोपला. हळूहळू माणसं आत गेली. मी गेले नाही. आई जबरदस्ती करायची, मी रात्री उठून वाकळ ओढत बाहेर यायचे. थंडी पडायला लागली होती.

दिवाळीच्या सुट्टीत अण्णांना मुक्कामी ड्यूटी लागली. ते आईला म्हणाले, "हिला घेऊन जातो संगं. गाडीचं छत पत्र्याचं असतंय, त्येच्यावर माती नसती."

मुक्कामी गाडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. दिवेलागणीला आगारातून निघायची, वाटेत बाजारकरी, शाळेतली पोरं, दूध घालून परतणारे उतरवत शेवटच्या गावी पोचायची आणि रात्रभर तिथंच उभी राहायची. सकाळी सहाला तीच गाडी परत. आमची गाडी गोदाकाठच्या एका गावाला जायची. वाटेत अंधारात समोरून ट्रक येत होते, ऊसतोडीच्या टोळ्यांचे. दिवाळी झाली की कोयते निघतात. कपड्यांची गाठोडी, भांडी, चुलीचं सरपण, कोंबड्या, त्यावर बाया बसलेल्या आणि त्यांच्या मांडीत पोरं. गाडीचा उजेड त्यांच्या तोंडावर पडला की त्या डोळ्यांपुढं पदर धरायच्या. अण्णा म्हणाले, "कारखान्यावर पोचेपर्यंत अशाच बसून जातेत." मी विचारलं, झोपत नाहीत का? ते म्हणाले, "पोर पडंल ना खाली."

गावात पोचलो तेव्हा पाराजवळ माणसं उभी होती. ड्रायव्हरकाकांनी गाडी वळवून तोंड सकाळच्या दिशेला करून लावली. एका घरून भाकरी आणि बेसन आलं, दुसऱ्या घरून कांदा आणि ठेचा. अण्णांनी डोम लाइट लावून हिशेब केला. तिकिटांचा तो पत्र्याचा ट्रे मला फार आवडायचा. एकेका दराची एकेका रंगाची गड्डी, स्प्रिंगच्या पट्टीखाली दाबलेली. अंगठ्याला थुंकी लावून ते तिकीट उचलायचे, पंचानं टक् टक् भोकं पाडायचे. वेबिलात गड्ड्यांचे नंबर लिहिताना त्यांचे ओठ हलायचे. मग चिल्लर वेगळी, नोटा वेगळ्या, सगळं चामड्याच्या पिशवीत. ती पिशवी त्यांनी डोक्याखाली घेतली. शेवटचा लांब बाक त्यांनी मला दिला. गाडीत सलग पाय पसरता येईल अशी ती एकच जागा. रेक्झिन फाटलेलं होतं, त्यातून काथ्या टोचायचा, म्हणून आईनं दिलेली वाकळ दुहेरी करून घातली. डोक्याशी कडाप्पा बसवावा तशी खिडकीची गार काच. डिझेलचा, विडीचा, ओल्या गोणपाटाचा वास. अण्णा खाली, सीटांच्या मधल्या वाटेत पसरले. ड्रायव्हरकाका घोंगडी घेऊन टपावर चढले. त्यांच्या वजनानं पत्रा एकदा वाजला आणि मी दचकून उठून बसले. अण्णा खालूनच म्हणाले, "काका हायेत वर. झोप माय. मी हाय."

बाहेर कुणीतरी शेकोटी केलेली होती. तिचा उजेड छतावर हलत होता. माणसांची बोलणी येत होती, अधूनमधून कुत्रं भुंकत होतं. प्रत्येक वेळी कुत्रं भुंकलं की खाली अण्णांची हालचाल व्हायची, पिशवी चाचपल्याचा आवाज यायचा. तो आवाज ऐकत मी झोपले. भूकंपानंतरची ती माझी पहिली सलग झोप. पहाटे गाडी सुरू केल्यावर अंगाखालचं सगळं थरथरायला लागलं, तेव्हाच जाग आली आणि त्या थरथरण्याची मला भीती वाटली नाही.

विमानात तेच झालं. कुठं होतो ठाऊक नाही, पडद्यावरच्या नकाशात विमान काळ्या समुद्राच्या आसपास दिसत होतं. आधी नुसता बारीक कंप. बसलेल्या माणसाला तो पायात आणि हातात जाणवतो. आडवं असल्यावर तो थेट पाठीत उतरतो, टाचेपासून मानेपर्यंत एकदम. मग एक मोठा हेलकावा. कपाटातली भांडी वाजली. मी अंधारात डोळे उघडले आणि मला वर माळवद दिसलं. इतक्या वर्षांनी. अकरा किलोमीटर उंचीवर, बाहेर उणे पन्नासच्या आसपास थंडी, आत कळसूबाईपेक्षाही उंच जागी असावा तसा विरळ दाब, कोरड्या हवेनं नाक आणि घसा सुकलेला, आणि माझं अंग गंगाखेडच्या त्या अंगणात. पट्ट्याची खूण लागली. तेवढ्यात वाटेतून टॉर्चचा छोटा उजेड आला, जमिनीकडे धरलेला. तीच बाई. एकेका खाटेशी थांबून दुलईवरून पट्टा बांधलेला आहे की नाही ते ती बघत येत होती. चालताना एक हात भिंतीला. माझ्यापाशी आली, माझे उघडे डोळे तिला दिसले. तिनं काही विचारलं नाही. पट्टा दिसेल अशी दुलईची घडी सरळ केली आणि हातानं खाली दाबल्याची खूण केली, पडून राहा अशा अर्थाची. मग पुढे गेली.

त्यानंतर मी इतकी गाढ झोपले की सकाळच्या चहालाही मला उठवावं लागलं. रात्रीच्या प्रवासात असं आजवर घडलं नव्हतं.

मला काय खुपत होतं ते तिथं सापडलं. साडेसहा फुटांची खाट असूनही मी पहिले काही तास पट्टा मनगटाला बांधून पडलेलीच होते. झोप आली ती कुणीतरी टॉर्च घेऊन फिरतंय हे दिसल्यावर. अण्णा पिशवी चाचपायचे, तो अनोळखी कंडक्टर चहाचं विचारायचा, आईनं कितीतरी रेल्वे प्रवास आमच्यावर हात ठेवून बसून काढले. माझ्या झोपेचा भार जन्मभर कुणी ना कुणी जागून उचलत आलंय, आणि आता एक दुखऱ्या गुडघ्याची परदेशी बाई. ते बघून गळा दाटला. त्याला मी अपराधीपणा म्हणत नाही. त्या बाईबद्दल मला फार आपलेपणा वाटला.

त्या वयाच्या बाईला विमानात काम करताना बघूनही आपण थबकतो, कारण आपल्याकडे या कामाला नावच मुळी 'हवाई सुंदरी' पडलं. परत आल्यावर मी १९८१चा तो खटला शोधून वाचला. एअर इंडियाविरुद्ध नर्गेश मिर्झा, सर्वोच्च न्यायालय. तेव्हाचा नियम असा होता की पस्तिशीला निवृत्ती. रुजू झाल्यापासून चार वर्षांत लग्न केलं तर नोकरी संपली. आणि पहिलं गरोदरपण आलं की नोकरी संपली. न्यायालयानं गरोदरपणाची अट रद्द केली, लग्नाची मात्र ठेवली. मी कामाला लागले, लग्न केलं, बाळंतपणाची रजा घेतली, परत मशीनपुढे उभी राहिले. माझ्या आईच्या पिढीतल्या बाईला विमानात हे करता आलं नसतं. साठीतली बाई गुडघा टेकून अंथरूण घालते, तेव्हा त्या गुडघ्यामागे अशा कितीतरी जणींच्या हातून गेलेल्या नोकऱ्या आहेत. तिला ते काम करता येतंय याचा मला आनंद आहे. ते गुडघ्यावर न बसता करता यावं असंही वाटतं. खाट थोडी उंच करता येईल. मी मशीनवर काम करणारी आहे, मला हे सुचणारच.

फ्रँकफर्टहून रेल्वेनं श्टुटगार्ट सव्वा तासाच्या आसपास. तिथून पुढे कारखाना. दार उघडलं आणि कूलंटच्या तेलाचा तोच वास आला जो वाळूजला माझ्या कपड्यांना रोज असतो. मशीनवर आमचे गिअर चढवले, एकामागून एक मोजले. एका दातावर दोन मायक्रॉनचा फरक सारखा येत होता. इकॉनॉमीतून उतरलेल्या सकाळी तो फरक शोधायला मला दुपार झाली असती. त्या दिवशी डोकं स्वच्छ होतं. पकड सैल होती, तासाभरात सापडली. कंपनीनं माझ्या झोपेवर जे पैसे घातले, ते तिथं वसूल झाले, आणि हे मला अण्णांना सांगायचं होतं. झोप झालेली असली की काम चांगलं होतं, हे एसटीतल्या माणसाला पटतं.

पण अण्णांना त्यात रस नव्हता. परत आल्यावर गंगाखेडला गेले. ओट्यावर अण्णा आणि ड्रायव्हरकाका दोघंही बसलेले होते. काका आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत, कानानं थोडे कमी. मी खाटेचं सांगितलं, रुमालाचं सांगितलं. अण्णांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "ड्रायव्हर किती व्हते?"

मी म्हटलं, दोन तरी असतातच, लांबच्या प्रवासाला जास्त. आणि ते पाळीपाळीनं झोपतात. लांब पल्ल्याच्या मोठ्या विमानांत त्यांच्यासाठी वेगळ्या खाटा असतात, काहींत प्रवाशांच्या डोक्यावर, छताच्या आत. काहींत खाली, सामानाच्या मजल्यावर. वाढणाऱ्या बायांनाही तशाच. अरुंद जिन्यानं जायचं, पडदा ओढायचा आणि पडायचं.

"छतात?" काका पुढे सरकले. "म्हंजे आपल्या टपावानीच की. फकस्त आतून."

"आतून हाय म्हनूनच बरं," अण्णा म्हणाले. "तू टपावर काय झोपायचास? निस्तं डिझेल कोन काढील म्हनून कान टवकारून पडायचास."

"आन् तू? पैशाच्या पिशवीवर डोकं ठिवून मानूस झोपत असतंय का?"

मग दोघांचं सुरू झालं. कुठल्या गावी ढेकणं होती, कुठं पाटलाच्या घरून अंथरूण यायचं, कुठं पावसात गाडीच्या खालीच झोपावं लागलं. कुणी जास्त रात्री जागून काढल्या यावर एकमत होईना. मी मध्येच विचारलं, "काका, ती दिवाळीतली रात्र आठवते का? मी संगं आले होते. मागच्या बाकावर झोपले होते. त्या रात्री तुमच्यातलं जागं कोण होतं?"

काकांनी अण्णांकडे बघितलं आणि मोठ्यानं हसले.

"त्या रात्री? अगं, समदं गावच जागं व्हतं. भुकंपाच्या भेवानं घरात कोन जातंय? गाडी आली तशी मानसं लेकरंबाळं घेऊन गाडीभवती येऊन बसली, पत्र्याचं हाय म्हनून. शेकोटी त्यांचीच व्हती. फाटेपर्यंत गप्पा मारल्या आमी. तू तेवढी झोपली व्हतीस, माय."